वाणात गेलेली बरणी

पुण्याहून कुणीही न्यूझीलंडला यायला निघालं की आधी अभिनव पोतनीसला फोन करतं आणि विचारतं, "तुझ्या आईसाठी काय आणू?" त्याने तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देऊन टाकतं, "बाकरवडी आणतो." म्हणून पामर्स्टन नॉर्थच्या त्या घरात स्वयंपाकघरातली एक अख्खी फळी बाकरवडीच्या ताब्यात आहे, आणि आशालताबाई त्या फळीकडे मुक्काम वाढवलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघतात.

बाकरवडीशी त्यांचं वैर नाही. राग आहे तो न विचारण्याचा. लग्न होऊन त्या इचलकरंजी सोडून निघाल्या तेव्हा ऐन विशीत होत्या. नवरा, रवींद्र पोतनीस, मागावरचा माणूस. यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्स गावच्या गिरणीत त्याला नोकरी लागली आणि त्याच्या मागोमाग या गेल्या. गिरणी बंद पडली, नवऱ्याने दुसरी नोकरी धरली, मुलगा झाला, मोठा झाला, उडून न्यूझीलंडला गेला, नवरा वारला, आणि मग म्हातारपणी मुलगा म्हणाला म्हणून या पुन्हा बोचकं बांधून जगाच्या दुसऱ्या टोकाला आल्या. इथल्या महाराष्ट्र मंडळात कुणी लाडाने विचारलं, "काकू, तुमचं गाव कुठलं?" की त्या सांगतात, "इचलकरंजीत माझे दुधाचे दात पडले, हॅलिफॅक्समध्ये खरे. आता तुम्हीच ठरवा." विचारणारा हसतो आणि ठरवतो: इचलकरंजी. पुढच्या खेपेला बाकरवडी आणतो.

त्यांना हवं काय असतं ते ऐकून घ्यायला कुणाला वेळच नसतो. त्यांना हवे असतात वाटाण्याचा हिरवा लगदा भरलेले डबे, ज्याला तिकडे मशी पीज म्हणतात. पाण्यासारखी पातळ करून केकवर ओतायची पिवळीधमक कस्टर्ड पावडर. माल्टच्या शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, बुडवलेले सबंध कांदे. आणि सगळ्यात वरचढ म्हणजे मार्माइट. बियर गाळून झाल्यावर उरणाऱ्या यीस्टचा हा काळाकुट्ट, चिकट, खारट अर्क. दिसायला बैलगाडीच्या वंगणासारखा, आणि पहिल्यांदा खाणाऱ्याच्या मते चवीलाही. पण ज्याला त्याची चटक लागली तो कामातून गेला.

न्यूझीलंडमध्ये मार्माइट मिळतं, पण ते इथलं, वेगळ्या चवीचं. नातीने, अनुष्काने, मोठ्या कौतुकाने डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, आणलेली एक बरणी आशालताबाईंनी चाखली आणि झाकण लावून परत तिच्या हातात दिली. "यात गूळ कुणी घातला?" त्यांनी विचारलं. अनुष्का म्हणाली, "आजी, इट्स जस्ट मार्माइट." त्या दिवशी आजी-नातीचा अबोला संध्याकाळच्या चहापर्यंत टिकला.

ही चटक लावली मॉरीनने. हॅलिफॅक्सला गेल्या त्याच वर्षी आशालताबाईंनी एका शाळेच्या भोजनगृहात काम धरलं. पोरांना जेवण वाढायचं, पिंपभर कस्टर्ड ढवळायचं. तिथे सगळं मांसाचं, नाहीतर चरबीत तळलेलं. बाई शाकाहारी. कित्येक दिवस त्यांनी पाव आणि चहावर काढले. शेजारच्या चुलीवरची मॉरीन हे गुपचूप बघत होती. एके दिवशी तिने लोणी लावलेल्या टोस्टवर काहीतरी काळं फासलं आणि बशी पुढे सरकवली. आशालताबाईंनी घास घेतला आणि त्या परमुलखात त्यांची जीभ पहिल्यांदा जागी झाली. मग त्या दोघी निवृत्त होईपर्यंत एकमेकींशेजारी उभ्या राहिल्या, आणि उभ्या उभ्या त्यांनी जगातल्या यच्चयावत माणसांना नावं ठेवली. हेडमास्तर, सरकार, मॉरीनची नणंद, आशालताबाईंची जाऊ. कुणाचा म्हणून अपवाद केला नाही. अशी मैत्री धुण्याला टाकलेल्या चांगल्या सुती कापडासारखी असते, जितकी वापरावी तितकी मऊ होते.

आशालताबाई इकडे आल्या तेव्हापासून दर नाताळला मॉरीनचा खोका यायचा. आत तेच ते पदार्थ, वर नाताळचा लालभडक कागद. गेल्या डिसेंबरातही आला, पण सोबत मॉरीनच्या मुलीचा फोन आला. आईला आता वृद्धांच्या निवासात ठेवलंय, म्हणाली, माणसं ओळखत नाही. हे सामान तिने उन्हाळ्यात, डोकं ठीक होतं तेव्हा, स्वतः दुकानात जाऊन घेतलं होतं. तेवढं पाठवतेय. यापुढे खोका येणार नाही.

आशालताबाईंनी दोनदा व्हिडिओवर बोलून पाहिलं. मॉरीन त्यांच्याकडे डॉक्टरकडे बघावं तसं अदबीने बघत राहिली. तेव्हा त्यांनी तो खोका उघडलाच नाही. लाल कागदासकट गॅरेजमधल्या कपाटात नेऊन ठेवला. उघडला की संपायला सुरुवात होणार, हे त्यांना कळत होतं.

इथवर गोष्ट दुःखाची आहे. ती संतापाची झाली ती सुनेमुळे.

सून सिद्धी, माहेरची कोथरूडची. गुणी मुलगी, हसतमुख, शिकायला म्हणून न्यूझीलंडला आली आणि अभिनवला भेटून इथलीच झाली. पण प्रत्येक पुणेरी घरात असतं तसं तिच्या माहेरीही एक कपाट होतं. त्यात आलेले आहेर जायचे आणि त्यातूनच द्यायचे आहेर निघायचे. एक ब्लाऊजपीस तर म्हणे तीन वर्षं शहरभर फिरून, वर एक नारळ जोडून घेऊन, सिद्धीच्या आईकडेच परत आला होता. तेव्हा रंगीत कागदात गुंडाळून कपाटात ठेवलेली वस्तू ही वस्तू नसतेच. ती गाडी बदलायला थांबलेली प्रवासी असते, हे सिद्धीच्या रक्तातच होतं.

जानेवारीत सिद्धीने संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. वाणासाठी स्टीलच्या वाट्या ऑकलंडच्या पापाटोएटो भागातल्या भारतीय दुकानातून मागवल्या होत्या. बायका यायची वेळ झाली तरी वाट्या कुठल्यातरी गोदामात आराम करत होत्या. सिद्धी जास्तीच्या खुर्च्या काढायला गॅरेजमध्ये गेली, कपाट उघडलं, आणि तिला वाटलं, देव पावला.

आशालताबाई तेव्हा घरात नव्हत्या, आणि त्यालाही कारण होतं. आदल्या वर्षी त्या हौसेने सगळ्या बायकांत बसल्या होत्या. मंडळातल्या श्यामलाची आई शकुंतलाबाई मिरजेहून सहा-सहा महिने राहायला येतात, नाकात नथ, अंगावर संस्थानी रुबाब. त्यांच्या हातात कुंकवाचा करंडा होता. त्या ओळीने कुंकू लावत आल्या, आशालताबाईंसमोर आल्या, गोड हसल्या, आणि करंडा पुढच्या बाईकडे सरकला. विधवेला कुंकू लावायचं नाही असं न्यूझीलंडच्या कुठल्या कायद्यात नाही, पण मिरजेचा कायदा मिरजेच्या बाईबरोबर विमानात बसून येतो. म्हणून यंदा सिद्धीने चाचरत "आई, तुम्ही थांबाल ना?" असं विचारलं तेव्हा आशालताबाईंनी वाचनालयात पुस्तकं बदलायची आहेत असं सांगितलं आणि त्या चौकातल्या वाचनालयात जाऊन एकही पान न उलटता बसून राहिल्या.

घरी परतल्या तेव्हा बायका गेल्या होत्या. सिद्धीचा चेहरा तिळगुळासारखा खुलला होता. तिने सांगितलं की वाट्या आल्या नाहीत, पण वाण इतकं वेगळं झालं की बायका नुसत्या खूष. एकेक डबा, एकेक बरणी सोनेरी जाळीच्या पिशवीत घालून दिली. इंपोर्टेड वाण, मंडळातल्या उत्तराने तर फोटो काढला.

"कसले डबे?" आशालताबाईंनी विचारलं.

सिद्धीने सांगितलं.

आशालताबाईंनी पर्स टेबलावर ठेवली आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे कुंकवाला मी चालत नाही, पण वाणाला माझा खोका चालतो."

तेवढ्यात अभिनव ऑफिसातून आला. पोरगा हॅलिफॅक्सचा, मॉरीनच्या कस्टर्डवर वाढलेला. बायकोने काय केलं हे कळताच त्याचा रंग उतरला. पण पुरुषांना संकटात उपाय सुचवायची वाईट खोड असते. तो म्हणाला की आई, अगं तिकडचं मार्माइट इथेही मिळतं, फक्त नाव वेगळं लावतात, उद्याच आणतो, हीप्स ऑफ इट.

"आण," त्या म्हणाल्या. "आणि ते मॉरीननं उन्हाळ्यात जाऊन घेतलेलं आहे, असं त्याच्यावर लिहूनही आण."

सिद्धी रडवेली होऊन म्हणाली की आत्ता सगळ्यांना फोन करते. पण फोन हातात घेतला आणि तिथेच थांबली. "पण आई, वाण परत कसं मागायचं? वाण परत मागत नाहीत ना."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच आशालताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नियम लागू करायच्या वेळी त्या मंडळाच्या, आणि नियमाचा फायदा व्हायच्या वेळी बाहेरच्या.

सुनेने मागू नये, पण सासूने चौकशी करू नये असा काही नियम नव्हता. दुसऱ्या दिवसापासून आशालताबाई आपली छोटी गाडी काढून घरोघर "सहज" जाऊ लागल्या. त्या आठवड्यात त्यांनी जे पाहिलं ते एखाद्या कमकुवत हृदयाच्या माणसाला झेपलं नसतं. उत्तराने मशी पीजचा डबा फोडून त्यात चिंच, गूळ आणि गोडा मसाला घातला होता आणि त्याचा रगडा करून पॅटिसवर ओतला होता. "काकू, भिजवायला नको, शिजवायला नको. स्वीट अ‍ॅज," म्हणजे एकदम झकास, असं ती इथल्या बोलीत म्हणाली आणि त्यांनाच एक बशी भरून दिली. रगडा चांगला झाला होता, हा अपमान वेगळाच. दुसऱ्या घरी यजमानांनी कस्टर्ड पावडर बेसन समजून कढीला लावली होती आणि कढीला व्हॅनिलाचा वास का येतो यावर नवरा-बायकोत कडाक्याचं भांडण झालं होतं. तिसऱ्या घरी शिरक्यातले कांदे पिठल्याबरोबर एका बैठकीत संपले होते आणि शिरका बेसिनमध्ये ओतला होता. आशालताबाई त्या बेसिनकडे बराच वेळ बघत राहिल्या.

उरलं मार्माइट. ते वाणात शकुंतलाबाईंना मिळालं होतं. श्यामलाला फोन केला तर ती नीट बोलेना. आईने ठेवलंय कुठेतरी, म्हणाली, बघते, आणि शनिवारी आमच्याकडे हळदीकुंकू आहे, त्या गडबडीत आहे. "तुम्ही..." एवढं म्हणून ती थांबली. बोलावणं अर्ध्यावरच घुटमळलं. आशालताबाईंनी ते अर्धं बोलावणं उचललं आणि पूर्ण धरलं.

शनिवारी त्यांनी जांभळी इरकल नेसली. सिद्धी गाडीत शेजारी बसली होती. श्यामलाच्या बैठकीत बायका ओळीने बसल्या होत्या, आतल्या खोलीत शकुंतलाबाईंचे यजमान पांडुरंगराव क्रिकेट बघत होते, आणि स्वतः शकुंतलाबाई सिंहासनावर बसल्यागत सोफ्याच्या टोकाला होत्या. आशालताबाई आत आल्या आणि बरोब्बर त्यांच्या शेजारी बसल्या.

शकुंतलाबाईंना प्रकरण कळलेलं होतं. पामर्स्टन नॉर्थ लहान गाव, बातमीला सायकलही पुरते. त्यांनी नथ सारखी केली आणि म्हणाल्या, "आशालताबाई, रागावू नका, पण वाण परत मागत नाहीत हो."

"मागायला कोण आलंय? मी घ्यायला आलेय. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला वाण द्यायची पद्धत आहे ना मिरजेत? की तेही माझ्यासमोरून पुढे सरकतं?"

आतल्या खोलीत क्रिकेटचा समालोचक तेवढा बोलत राहिला. बायका आपापल्या तिळगुळाकडे पाहू लागल्या. श्यामलाच्या हातात करंडा होता आणि ती आईकडे बघत होती. तेव्हा सिद्धी उठली. तिने श्यामलाच्या हातातून करंडा काढून घेतला, सासूसमोर गुडघ्यांवर बसली, आणि बोट कुंकवात बुडवलं.

"हात कापतोय तुझा," आशालताबाई म्हणाल्या. "कस्टर्ड वाटताना नव्हता कापला."

कुणीतरी फिस्कन हसलं. सिद्धीने कुंकू लावलं, जरा वाकडं लागलं. कुणाच्या अंगावर वीज पडली नाही. पांडुरंगरावांनी आतून, चहा होतोय का, असं तेवढं विचारलं.

आता वाण. शकुंतलाबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा हातात बरणी होती. आशालताबाईंनी ती उजेडात धरली. तळाला बोटभर काळं उरलं होतं.

"हे कुठे गेलं?" त्यांनी विचारलं. "या बरणीवर मी सहा महिने काढले असते."

शकुंतलाबाईंचा संस्थानी रुबाब पहिल्यांदाच उतरला. हळू आवाजात त्यांनी कबूल केलं की इथे आल्यापासून तोंडाला चवच नव्हती. लेकीच्या घरी मुलं फिकं खातात, तिखट म्हणून काही नाही. वास घेतला, बोट लावून पाहिलं, आणि मग राहवेना. भाकरीवर लावून खाल्लं. वरून कच्चं तेल सोडलं. रोज. दोन्ही वेळा.

"जाड लावत होतात?" आशालताबाईंनी विचारलं.

"ठेच्यासारखं."

"ठेच्यासारखं," आशालताबाई सगळ्या खोलीला उद्देशून म्हणाल्या, कोर्टात साक्षीदाराचं वाक्य उच्चारावं तसं. मग त्यांनी बरणी उघडली, कागदी ताटलीतल्या खारीच्या तुकड्यावर सुरीच्या टोकाने एवढंसं लावलं, जेमतेम रंग दिसेल इतकं, आणि तो तुकडा शकुंतलाबाईंच्या हातात दिला. शकुंतलाबाईंनी खाल्ला. "चव लागत नाही," त्या म्हणाल्या. हे ऐकून आशालताबाई ज्या सुरात बोलू लागल्या त्याला व्याख्यान म्हणणं सौम्य होईल. दुसरीकडून शकुंतलाबाईही मागे हटेनात. वाण मला मिळालंय, उरलेलं माझं आहे, आणि भाकरी कशाशी खायची हे मिरजेच्या बाईला शिकवू नका. शेवटी श्यामलाने आपल्या हळदीकुंकवाच्या वाणातली स्टीलची वाटी आणली आणि मधोमध ठेवली. बरणीत उरलेल्याचे दोन भाग झाले. चमचा कुणी धरायचा यावरही वाद झाला.

वाटीभरही नाही, वाटीच्या तळापुरतं मार्माइट घेऊन आशालताबाई घरी आल्या. कुंकू पुसलं नाही. पुसायचं लक्षातच राहिलं नाही, इतक्या त्या तापल्या होत्या.

रविवारी सकाळी अभिनवने हॅलिफॅक्सला व्हिडिओ लावून दिला. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती. मॉरीनच्या मुलीने फोन आईसमोर धरला. मॉरीनचे केस नीट विंचरलेले होते. तिने आशालताबाईंकडे नेहमीच्या अदबीने पाहिलं आणि आभार मानल्यासारखं हसली. मागच्या दोन्ही वेळा आशालताबाईंनी विचारलं होतं, मी कोण, ओळखतेस का, आणि उत्तराची वाट बघत बसल्या होत्या. आज त्यांना त्या सगळ्याला सवडच नव्हती. पदर खोचला नाही इतकंच, बाकी त्या भोजनगृहातल्या चुलीशेजारी उभ्या असल्यासारख्या थेट सुरू झाल्या. तुझा खोका वाटला, मॉरीन. परस्पर. मटारचा रगडा केला. शिरका मोरीत ओतला. आणि मार्माइट गेलं एका बाईकडे, नथवाली, तिने ते अख्खं खाल्लं.

मॉरीनने मान जरा तिरकी केली. "अख्खं?"

"आठवड्यात."

"कसं लावत होती?"

आशालताबाईंनी कॅमेऱ्यासमोर अंगठा आणि तर्जनी धरून अंतर दाखवलं.

मॉरीन खुर्चीत पुढे सरकली. गालावर रंग चढला. तिच्या मुलीने फोन जरा वर घेतला, कारण आई उठायला बघत होती. "कोण आहे ती बाई?" मॉरीन तिच्या हॅलिफॅक्सच्या ठसक्यात म्हणाली. "कुणी तिला सुरी दिली हातात?"

"सुरी नाही, बोटाने," आशालताबाई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून नीट ऐसपैस बसल्या. "आणि अजून ऐक. वरून तेल, मॉरीन. शेंगदाण्याचं. कच्चं."